फेसाळत्या पाण्यातली कायाक

उतारावरून धावणारे नदीचे पाणी खडकांवर आपटले की त्यात हवा मिसळते, फेस उसळतो आणि प्रवाह पांढरा दिसू लागतो. अशा पाण्यातून एकट्याने, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याच्या जोरावर, वरून झाकलेली छोटी होडी नेण्याच्या खेळाला व्हाइटवॉटर कायाकिंग म्हणतात. पाणी असे फेसाळण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : पात्राचा उतार, पात्रातले खडक आणि वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण. उतार आणि खडक असले पण पाणी आटले, तर उरतो कोरडा ओढा. पाणी मुबलक असले पण उतार नसला, तर नदी रुंद होऊन संथ वाहते. तिन्ही जमले की रॅपिड तयार होते, आणि दोन रॅपिडांच्या मध्ये बहुधा एखादा शांत डोह असतो, जिथे वल्हवणाऱ्याला दम घेता येतो.

पाण्याचे प्रमाण मोजण्याचे एकक मराठी वाचकाला चांगलेच ओळखीचे आहे. पावसाळ्यात धरणांच्या बातम्यांतून रोज येणारा क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, तोच हा. साधारण ३५ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, आणि एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणजे ३,५०० क्युसेकने वाहणाऱ्या नदीत दर सेकंदाला शंभर टन पाणी पुढे सरकत असते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अडथळ्यावरचा त्याचा रेटा चौपट होतो. माणसाच्या दंडातली ताकद या आकड्यांपुढे काहीच नाही. त्यामुळे कायाक चालवणारा पाण्याशी झुंजत नाही. पाणी कुठे जाणार आहे हे आधी ओळखतो आणि त्या रेट्याचा आपल्याला हवा तसा उपयोग करून घेतो.

नागपूरच्या आसपास असे पाणी नाही, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होऊन बंगालच्या उपसागराकडे जाते. एवढीशी उंची शेकडो किलोमीटरच्या प्रवासात वाटली गेल्यामुळे नदीला धावण्याची घाई राहत नाही. पूर्व विदर्भातले ढीवर बांधव डोंगा घेऊन ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात, ते तळ्यांचे आणि संथ नद्यांचे पाणी आहे. पावसाळ्यात याच नद्यांना पूर येतो तेव्हा त्या भयंकर दिसतात खऱ्या; पण पुराचे गढूळ पाणी कायाकसाठी योग्य नव्हे. काठची झाडे, कुंपणांच्या तारा, रपट्यांचे कठडे, सारे त्यात बुडालेले असते आणि त्यांतले काहीच वरून दिसत नाही.

सह्याद्रीच्या पश्चिमेला चित्र उलटे आहे. तिथे नद्यांना थोड्या अंतरात बरीच उंची उतरून समुद्र गाठायचा असतो. तरीही महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध फेसाळ पाणी निसर्गाने एकट्याने घडवलेले नाही. रायगड जिल्ह्यातली कुंडलिका नदी कोलाडजवळ वर्षभर राफ्टिंगसाठी वाहती राहते ती मुळशीच्या पाण्यामुळे. मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी. तिचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जायचे. मुळशीला धरण बांधून ते पाणी अडवले गेले, पश्चिमेकडे वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडले गेले. या धरणात शेती आणि घरे जाणार म्हणून १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे सेनापती बापट म्हणून ओळखले गेले. सत्याग्रहाला यश आले नाही, धरण पूर्ण झाले आणि टाटांचे भिरा वीजगृह १९२७ साली सुरू झाले. वीज तयार झाल्यावर बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेत येते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते.

कोलाडच्या राफ्टिंगचे वेळापत्रक म्हणूनच पावसावर नव्हे, तर पाणी सोडण्यावर ठरते. सकाळी पाणी सुटते, थोड्या वेळात पात्र भरते आणि राफ्ट निघतात. पाणी पुढे सरकले की मागे पुन्हा उघडे खडक दिसू लागतात. सुमारे १२ किलोमीटरच्या या टप्प्यावर सहापैकी दुसऱ्या आणि काही ठिकाणी तिसऱ्या श्रेणीची रॅपिड आहेत. राफ्टमधून जाणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की ज्या लाटेवर ते ओरडतात ती मावळातल्या बुडालेल्या शिवारांवरून आलेली आहे. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास समजून घ्यायला हवा.

गोव्यात सत्तरी तालुक्यात म्हादई नदीवर फक्त पावसाळ्यात राफ्टिंग चालते. नागपूरकरांच्या दृष्टीने अधिक लक्ष देण्याजोगी जागा नर्मदेवर आहे. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरपासून थोड्या अंतरावर नर्मदा काळ्या खडकांमधून असंख्य धारांनी फुटून वाहते. या जागेला सहस्रधारा म्हणतात. २०२३ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा कॅनो स्लॅलमच्या शर्यती इथेच घेतल्या गेल्या. स्लॅलममध्ये पाण्यावर टांगलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून, म्हणजे फाटकांमधून, होडी न्यावी लागते. हिरवी फाटके प्रवाहाबरोबर ओलांडायची, लाल फाटके प्रवाहाविरुद्ध वळून. काठीला स्पर्श झाला तर वेळेत दोन सेकंदांची भर पडते, फाटक चुकले तर पन्नास सेकंदांची. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये प्रथम १९७२ साली आला, १९९२ पासून तो कायम आहे आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चार कायाक एकाच वेळी पाण्यात उतरवणारी कायाक क्रॉस ही शर्यतही त्यात जोडली गेली.

कायाक ही मूळची उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या इन्युइट आणि अल्यूट लोकांची शिकारीची होडी. झाडे नसलेल्या त्या मुलखात समुद्राबरोबर वाहून आलेली लाकडे आणि देवमाशाची हाडे यांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवत. बर्फाळ पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत गारठतो. त्यामुळे होडी उलटली तरी तीतून बाहेर न पडता तिला पुन्हा सरळ करण्याची युक्ती या शिकाऱ्यांनी शोधून काढली. तीच आजच्या खेळातली ‘रोल’. युरोपीय माणसाला ती जमल्याची पहिली ठळक नोंद ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटा याची, १९२७ सालची. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कापडाची, घडी घालून रेल्वेने नेता येणारी कायाक आली आणि खेळ सामान्य माणसाच्या हाती पोचला. अशाच घडीच्या कायाकमधून ऑस्कर श्पेक हा जर्मन तरुण १९३२ साली उल्महून निघाला आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत श्रीलंकेपर्यंत, तिथून पुढे ब्रह्मदेश आणि इंडोनेशियाच्या बेटांमार्गे १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला तिथे स्थानबद्ध करण्यात आले.

आजची नदीतली कायाक जाड प्लास्टिकची असते. लांबी साधारण दोन ते पावणेतीन मीटर, वजन वीस किलोच्या आसपास. चालवणारा पाय पुढे पसरून बसतो. गुडघे आणि मांड्या आतल्या आधारांना घट्ट टेकलेल्या असतात. अंगावर बेतलेल्या कपड्यासारखी होडी मापाची असावी लागते, कारण कमरेच्या हालचालीनेच ती कलते आणि वळते. कमरेभोवती स्प्रे डेक नावाचे रबरी आवरण बांधतात. त्याची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवली की पाणी आत येत नाही. या आवरणाला पुढे एक पट्टी असते. उलटल्यावर बाहेर पडायचे तर तीच ओढावी लागते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी ती बाहेर राहिली आहे ना, हे प्रत्येक वेळी हाताने चाचपून पाहतात. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट याशिवाय कोणीही नदीत उतरत नाही. गटात निदान दोघांकडे तरी पिशवीत भरलेला तरंगता दोर, म्हणजे थ्रो बॅग, असते.

पाणी वाचणे हा या खेळाचा गाभा आहे. शक्ती किंवा धाडस यांचा क्रमांक त्यानंतर येतो. नवख्याला रॅपिडमध्ये नुसता गोंधळ दिसतो. सरावलेल्या नजरेला त्यात आकार दिसतात आणि प्रत्येक आकाराला कारण असते. दोन खडकांमधून पाणी निसटते तेव्हा गुळगुळीत, काळसर अशी जीभ तयार होते आणि तिचे टोक प्रवाहाच्या दिशेला असते. ती मोकळी वाट. टोक उलट्या दिशेला, म्हणजे वरच्या अंगाला असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक दडलेला असतो. जिभेच्या पुढे बहुधा उभ्या लाटांची रांग लागते. समुद्रात लाट पुढे जाते. नदीत लाट एकाच जागी उभी राहते आणि पाणी तिच्यातून वाहत जाते. त्यामुळे लाटेच्या मुखावर कायाक स्थिर ठेवून तासन्‌तास खेळता येते.

खडकाच्या मागच्या बाजूला पाणी उलटे, वरच्या दिशेला फिरते. या जागेला एडी म्हणतात, आणि कायाक चालवणाऱ्याचे सारे नियोजन एडींवर उभे असते. रॅपिड एका दमात पार करायचे नसते. एका एडीत शिरायचे, थांबायचे, पुढचे पाणी पाहायचे, मग पुढच्या एडीकडे निघायचे, अशी ही चाल. एडीतून मुख्य धारेत येताना दोन विरुद्ध प्रवाहांची सीमा ओलांडावी लागते. त्या क्षणी होडी खालच्या अंगाला कलती ठेवली नाही, तर धार वरची कड पकडते आणि होडी निमिषात उलटते. नवशिके सर्वांत जास्त वेळा इथेच उलटतात. नदी आडवी ओलांडायची असेल, तर होडीचे तोंड प्रवाहाविरुद्ध थोडे तिरपे ठेवून वल्हवतात. मग प्रवाहच तिला पलीकडच्या काठाकडे ढकलतो. नावाडीही घाटावरून नाव पलीकडे नेताना हेच करतात.

धोके वेगळे ओळखावे लागतात. खडकावरून पाणी खाली कोसळते तिथे पृष्ठभागावरचे पाणी पुन्हा मागे फिरते आणि होडीला धरून ठेवते. याला होल म्हणतात. होलची दोन्ही टोके खालच्या अंगाला वळलेली असली तर बाजूने सुटता येते; ती वरच्या अंगाला वळलेली असली, तर अडकलेला माणूस पुन्हा पुन्हा मध्यभागी ओढला जातो. माणसाने बांधलेल्या बंधाऱ्याखाली हीच क्रिया काठापासून काठापर्यंत एकसारखी घडते आणि सुटायला टोकच राहत नाही. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यावरून किंवा रपट्यावरून पडणारे हातभर उंचीचे पाणी म्हणूनच मोठ्या धबधब्याइतके घातक ठरू शकते. दिसायला ते अगदी निरुपद्रवी असते, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. पाण्यात आडवे पडलेले झाड हा दुसरा मोठा धोका. फांद्यांमधून पाणी निघून जाते, माणूस मात्र अडकतो. होडीतून पडलेल्याने उताणे व्हावे, पाय खालच्या अंगाला आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत आणि वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा मोह टाळावा. दोन खडकांत पाऊल अडकले की गुडघाभर पाणीही माणसाला आडवे पाडून खाली दाबते.

रॅपिडांच्या पहिली ते सहावी अशा श्रेणी जगभर मान्य आहेत. पहिली म्हणजे हलते पाणी आणि लहान तरंग. तिसरीत लाटा अनियमित होतात आणि अचूक वळावे लागते. पाचवी फक्त निष्णातांसाठी आणि सहावी जवळजवळ अशक्य. श्रेणी नदीला कायमची चिकटलेली नसते. पाणी वाढले की तीच जागा वरच्या श्रेणीत जाऊ शकते. रस्त्यापासून दोन दिवस दूर असलेल्या दरीतली तिसरी श्रेणी हमरस्त्यालगतच्या चौथीपेक्षा अधिक गंभीर मानावी, कारण तिथे मोडलेला हात घेऊन चालत बाहेर यावे लागते.

शिकण्याची सुरुवात मात्र स्थिर पाण्यात होते. अंबाझरीसारख्या तलावात सरळ वल्हवणे, वळणे आणि होडी कलती ठेवणे हे सारे शिकता येते. पहिला धडा उलटलेल्या होडीतून बाहेर पडण्याचा : पुढे वाका, पट्टी ओढा, हातांनी होडी ढकलून बाहेर या. यानंतर जोडीदाराच्या होडीच्या टोकाला धरून उठणे आणि मग रोल. रोलमध्ये वल्ह्याचा आधार थोडाच लागतो. खरे काम कमरेच्या झटक्याचे असते, आणि डोके सर्वांत शेवटी वर यावे लागते. बुडणाऱ्याची सारी धडपड डोके आधी वर काढण्याची असते, म्हणून ही एक सवय मोडण्यात शिकणाऱ्याचे कित्येक दिवस जातात.

भारतातून परदेशी नदीवर जाऊन हे शिकायचे, तर नेपाळ सर्वांत सोयीचा आणि दर्जेदारही. हिमालयाचा उतार, बर्फाचे आणि पावसाचे पाणी आणि दऱ्यांमधून जाणारे रस्ते हे तिन्ही तिथे एकत्र मिळतात. नागपूरवरून जाणारी राप्तीसागर एक्स्प्रेस थेट गोरखपूरला पोचवते; तिथून सुनौलीची सीमा रस्त्याने गाठता येते आणि पलीकडे बुटवलमार्गे पोखरा. भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. विमानाने जाणाऱ्याजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र असावे. भारतीय रुपयाला १ रुपया ६० पैसे नेपाळी हा दर १९९३ पासून ठरलेला आहे.

पोखऱ्यात नवशिक्यांसाठी साधारण चार दिवसांचे कायाक वर्ग चालतात. पहिला दिवस फेवा तलावात जातो. तिथे बाहेर पडणे आणि रोल यांचा सराव होतो. नंतर दमौलीहून सेती नदीत उतरतात आणि ती त्रिशूलीला मिळते त्या गैघाटपर्यंत वाळूच्या काठांवर तंबू ठोकत पोचतात. सामान राफ्टमधून येते. सेती या कामासाठी जणू घडवलेली नदी आहे : पाणी इतर हिमालयी नद्यांच्या मानाने उबदार, रॅपिड दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीची आणि प्रत्येक रॅपिडखाली डोह, जिथे उलटलेल्याला सावकाश काठाला आणता येते. मार्गदर्शक बहुतेक नेपाळी तरुण असतात आणि हिंदी त्यांना समजते. घाबरलेल्या माणसाला पाण्यातली सूचना आपल्या भाषेत ऐकू येणे ही मोठी सोय आहे.

मोसम दोन. पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि उन्हाळ्याच्या आरंभी मार्च ते मे. सप्टेंबरअखेर नद्या अजून फुगलेल्या असतात. त्या वेळी सेतीसारखी नदीही नवख्याला झेपेलच असे नाही.

सेतीनंतर त्रिशूली. काठमांडू-पोखरा महामार्ग तिच्या काठाने जातो, त्यामुळे नको वाटले तर कुठूनही बाहेर पडून बस पकडता येते. तिच्यावरची मोठी रॅपिड तिसऱ्या श्रेणीची, भर पाण्यात चौथीचीही. दोलालघाटपासून चतरापर्यंत सुमारे २७० किलोमीटर वाहणारी सुनकोशी पार करायला आठ-दहा दिवस लागतात आणि तिथे रोल पक्का असावा लागतो. भोटेकोशी अरुंद, तीव्र उताराची आणि जाणकारांची नदी. या साऱ्याच्या मागे १९७६ सालची एक मोहीम उभी आहे : ब्रिटिश डॉक्टर माइक जोन्स आणि त्याचे साथीदार एव्हरेस्टच्या कुशीतून निघणारी दूधकोशी कायाकने उतरले आणि हिमालयी नद्यांकडे जगभरच्या कायाकपटूंचे लक्ष वळले. दोनच वर्षांनी, १९७८ साली, काराकोरममधल्या ब्राल्डू नदीत एका साथीदाराला वाचवण्याच्या प्रयत्नात जोन्सचा मृत्यू झाला.

वर्ग निवडताना पैशांआधी काही गोष्टी विचाराव्यात. एका मार्गदर्शकामागे शिकणारे किती, राफ्ट सोबत असते का, थ्रो बॅग आणि प्रथमोपचार पेटी प्रत्यक्ष दाखवतात का, मापाचे हेल्मेट मिळेल का. प्रवास विमा घेतला असला तरी साध्या पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. कायाकिंगचा आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा उल्लेख त्यात आहे का, हे निघण्यापूर्वी वाचून घ्यावे. पोहता येणाऱ्याची भीती लवकर मोडते. पोहता येत नसेल, तर आधी नागपुरातल्या तरणतलावात एक उन्हाळा घालवावा आणि मग नेपाळचा बेत करावा.

हा प्रवास फार वर्षे पुढे ढकलू नये, याला कारण धरणे आहेत. युगांडात जिंजाजवळची पांढऱ्या नाईलची रॅपिड जगातल्या उत्तम रॅपिडांमध्ये गणली जात. २०१२ साली बुजागाली धरण सुरू झाले आणि त्यांतली अनेक जलाशयाखाली गेली. नेपाळची नदीवरच्या विजेची गरज मोठी आणि रास्त आहे. भोटेकोशीवर, त्रिशूलीवर वीजगृहे झाली आहेत आणि सेतीवर दमौलीजवळ तनहू जलविद्युत प्रकल्प उभारला जात आहे. महेश्वरला नर्मदेची पातळीदेखील आता वरच्या इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर धरणांतून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. धरण झाल्यावर रॅपिड बुडते, कोरडे पडते, किंवा कुंडलिकेसारखे ठराविक वेळी वाहू लागते. यांतले काय घडणार हे रॅपिड भिंतीच्या वर आहे की खाली, आणि पाणी केव्हा व किती सोडायचे याचा करार कोणी केला, यावर ठरते. काही देशांत वीजकंपन्या वर्षातले काही दिवस कायाकसाठी पाणी सोडण्याचे वेळापत्रक आधीच जाहीर करतात आणि त्या दिवसांवर काठच्या गावांचे हॉटेल, जीपगाड्या आणि मार्गदर्शकांचे उत्पन्न चालते. कोलाडला तशीच व्यवस्था विजेच्या निमित्ताने आपसूक तयार झाली आहे.